टेस्ट पास झाल्या, पण खालच्या वॉर्निंग्जचं काय करायचं?

टेस्ट चालवल्या, सगळ्या पास झाल्या, आणि त्यांच्या खाली पन्नासेक ओळींचा पिवळा मजकूर आला. अमुक फंक्शन जुनं झालंय, पुढच्या आवृत्तीत नसेल. तमुक पर्यायाचं डिफॉल्ट बदलणार आहे. टीममध्ये नव्याने आलेला माणूस विचारतो, ‘हे काय?’ जुनी मंडळी म्हणतात, ‘ते नेहमीचंच आहे, सोड.’ तो सोडतो, आणि थोड्याच दिवसांत त्यालाही तो मजकूर दिसेनासा होतो.

त्या मजकुराशी कसं वागायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं पायथन आणि त्यातल्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्ट या साधनाची आहेत. तिथली यंत्रणा एकदा कळली की इतर भाषांमधली कळायला वेळ लागत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: सगळ्या वॉर्निंग्ज एकदम संपवायच्या मागे लागू नका. नवीन वॉर्निंग गुपचूप आत शिरणार नाही एवढी व्यवस्था आधी करा, जुन्यांचा निपटारा मग सवडीने करता येतो.

खरंच मनावर घ्यायचं का?

घ्यायचं, पण तारखेवर भरवसा ठेवू नका. पायथनच्या ‘कलेक्शन्स’ मॉड्यूलमधल्या ‘मॅपिंग’सारख्या ॲबस्ट्रॅक्ट क्लासेसची गोष्ट बघा. ३.३ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली, ते ‘कलेक्शन्स.एबीसी’मध्ये हलवले गेले, पण जुन्या जागेवरून इम्पोर्ट केलं तरी चालत होतं. २०१८ सालच्या ३.७ मध्ये वॉर्निंग येऊ लागली: ३.८ पासून हे चालणार नाही. ३.८ आली, चाललं. ३.९ आली, तरी चाललं. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आली आणि जुना इम्पोर्ट थेट एरर देऊ लागला. दोनदा तारीख पुढे गेल्यावर ‘काही होत नाही’ असं धरून बसलेल्यांची ऐन अपग्रेडच्या वेळी धावपळ झाली.

टेस्टच्या कोडलाही यातून सूट नाही. पायथनसोबतच येणाऱ्या ‘युनिटटेस्ट’ या टेस्ट-लायब्ररीतलं ‘असर्टइक्वल्स’, शेवटी ‘एस’ असलेलं, वर्षानुवर्षं जुनं म्हणून जाहीर होतं. ३.१२ मध्ये ते काढून टाकलं, आणि ते वापरणाऱ्या टेस्ट मूळ कोडमध्ये काहीही बिघडलेलं नसताना लाल झाल्या.

पायरी १: वॉर्निंगचे प्रकार ओळखा

तीन नावं वारंवार दिसतील. ‘डेप्रिकेशनवॉर्निंग’ ही कोड लिहिणाऱ्यासाठी असते: ही सोय जाणार आहे, दुसरी वापरा. ‘पेंडिंगडेप्रिकेशनवॉर्निंग’ तिची धाकटी बहीण. सोय जाणार हे ठरलंय, पण एवढ्यात नाही. या दोन्ही एरवी लपवलेल्या असतात. पहिली फक्त तुम्ही थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधल्या कोडमुळे उठली तरच दिसते, दुसरी तिथेही दिसत नाही. म्हणजे ॲप्लिकेशन चालवताना शांतता आणि टेस्ट चालवताना गोंगाट, यात विसंगती काही नाही. पायटेस्ट ३.८ पासून या दोन्ही मुद्दाम दाखवतं.

तिसरी ‘फ्यूचरवॉर्निंग’. ही नेहमी दिसते, कारण ती प्रोग्रॅम वापरणाऱ्यालाही उद्देशून असते. नवखे लोक हिला पहिल्या दोघींसारखंच समजतात आणि तिथेच गोम आहे. डेप्रिकेशनकडे दुर्लक्ष केलंत तर एक दिवस कोड मोडेल. मोडलेला कोड दिसतो, दुरुस्त होतो. फ्यूचरवॉर्निंग पुष्कळदा सांगत असते की कोड मोडणार नाही, उत्तर बदलेल. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्न लायब्ररीतल्या ‘के-मीन्स’चं, म्हणजे डेटाचे गट पाडणाऱ्या पद्धतीचं, उदाहरण घ्या. ‘एन-इनिट’ या पर्यायाचं डिफॉल्ट १० होतं, म्हणजे दहा वेगवेगळ्या सुरुवाती करून त्यातला सर्वांत चांगला निकाल घ्यायचा. १.२ मध्ये वॉर्निंग आली आणि १.४ मध्ये डिफॉल्ट ‘ऑटो’ झालं. नेहमीच्या सुरुवातीच्या पद्धतीत त्याचा अर्थ होतो एकच सुरुवात. एकही एरर नाही. गट मात्र वेगळे पडू शकतात. तुमच्या टेस्टमध्ये ‘तीन गट मिळाले का’ एवढंच तपासलं असेल तर ती हिरवीच राहील.

म्हणून क्रम लावायची वेळ आली की मी फ्यूचरवॉर्निंग आधी हातात घेतो, यादीत ती एकच असली तरी.

पायरी २: सगळ्या वॉर्निंग्ज एकदा दिसू द्या

सुरुवातीला काहीही दाबू नका. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘फिल्टरवॉर्निंग्ज’ नावाची यादी आधीच असेल तर ती तात्पुरती बाजूला ठेवा आणि पूर्ण टेस्ट-संच चालवून आउटपुट फाइलमध्ये साठवा. टर्मिनलमध्ये वर सरकवत वाचायचा हा मजकूर नाही.

इथे दोन गोष्टी चकवतात. एक म्हणजे पुनरावृत्ती. पायथनची ‘डिफॉल्ट’ कृती एका ठिकाणची तीच वॉर्निंग एकदाच छापते, आणि पायटेस्ट शेवटच्या सारांशात सारख्या वॉर्निंग्ज एकत्र करून दाखवतं. त्यामुळे आकड्यावरून कामाचा अंदाज बांधू नका. चारशे वॉर्निंग्ज एकाच मदतनीस फंक्शनमधल्या एका ओळीतून येत असतील, किंवा बारा वॉर्निंग्ज बारा वेगळ्या दुखण्यांच्या असतील.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. काही वॉर्निंग्ज कोड चालताना येत नाहीत, कंपाइल होताना येतात. साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशनंतर भलतंच अक्षर असेल, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिताना ‘रॉ’ स्ट्रिंगचा ‘आर’ राहून गेला असेल, तर ३.६ पासून डेप्रिकेशनवॉर्निंग येते, ३.१२ पासून तीच ‘सिंटॅक्सवॉर्निंग’ म्हणून येते. पण फाइल एकदा कंपाइल झाली की पायथन तिची तयार प्रत कॅश फोल्डरमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच वापरतं. वॉर्निंग पहिल्यांदा दिसली, दुसऱ्यांदा नाही, मग सहकाऱ्याच्या मशीनवर पुन्हा दिसली, असा प्रकार झाला तर कॅश फोल्डर उडवून टेस्ट पुन्हा चालवा. सोक्षमोक्ष तिथेच लागतो.

पायरी ३: प्रत्येक वॉर्निंग कोणाची, ते ठरवा

वॉर्निंगसोबत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक येतो, पण तो नेहमी दोषी ओळीचा असतोच असं नाही. लायब्ररी लिहिणाऱ्याने वॉर्निंग देताना ‘स्टॅकलेव्हल’ सांगायचा असतो. तो २ ठेवला तर बोट फंक्शन बोलावणाऱ्याकडे जातं, म्हणजे तुमच्या ओळीकडे. विसरला तर बोट लायब्ररीच्याच आतल्या ओळीकडे राहतं, आणि तुम्हाला वाटतं की हे आपलं नाहीच.

शंका असेल तर ती एकच टेस्ट निवडा आणि पायटेस्टला ‘डब्ल्यू’ पर्यायातून ‘एरर’ ही कृती देऊन चालवा. आता वॉर्निंगचं रूपांतर एक्सेप्शनमध्ये होतं आणि पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी, मिळतो: तुमची टेस्ट, तुमचं फंक्शन, मधली लायब्ररी, तिच्या आतली लायब्ररी. तो खालून वर वाचत जा आणि तुमच्या रिपॉझिटरीतली पहिली ओळ लागेल तिथे थांबा. त्या ओळीतला कॉल तुम्हाला बदलता येतो का? येत असेल तर वॉर्निंग तुमची. तुम्ही लायब्ररीचं अगदी नवं, अधिकृत फंक्शन वापरताय आणि तीच आत कोणाचं तरी जुनं फंक्शन वापरतेय, असं असेल तर ती त्यांची. मग आधी त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आहे का ते बघा. पुष्कळदा दुरुस्ती तिथे केव्हाच झालेली असते.

या तपासातून यादीचे तीन ढीग पडतात: आपला कोड, आपल्या टेस्ट, परका कोड. टेस्टचा ढीग आधी उरका. तो सोपा असतो आणि ग्राहकापर्यंत काही पोचत नाही.

पायरी ४: दुरुस्ती

निम्मी दुरुस्ती निव्वळ नाव बदलण्याची असते. आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीतलं ‘एनपी.इंट’ १.२० मध्ये जुनं ठरलं, १.२४ मध्ये गेलं. त्याजागी साधं ‘इंट’ लिहायचं. पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीतलं डेटाफ्रेमचं, म्हणजे तक्त्याचं, ‘अपेंड’ १.४ मध्ये जुनं ठरलं, २.० मध्ये गेलं, त्याजागी ‘कॉनकॅट’. शोधा, बदला, टेस्ट चालवा, पुढे चला.

उरलेली निम्मी नावबदलासारखी दिसते, पण तशी नसते. ‘डेटटाइम’मधलं ‘यूटीसीनाऊ’ ३.१२ पासून वॉर्निंग देतं. संदेशातच पर्याय सांगितलेला आहे: ‘नाऊ’ला यूटीसी टाइमझोन द्या. एक ओळ, एक बदल. पण जुनं फंक्शन टाइमझोन नसलेली वेळ देत होतं आणि नवं टाइमझोनसकट देतं. या दोन प्रकारच्या वेळांमध्ये लहान-मोठं तपासलं किंवा वजाबाकी केली तर ‘टाइपएरर’ येतो. ते बरंच, निदान कळतं तरी. पण ‘सारखे आहेत का’ असं विचारलं तर एरर येत नाही, गुमान ‘फॉल्स’ मिळतं. ‘सेशन संपलं का’ हे बरोबरीने तपासणारा कोड असेल तर तो आता कधीच ‘हो’ म्हणणार नाही. शिवाय तीच वेळ ‘आयसोफॉरमॅट’ने मजकुरात बदलली तर शेवटी ‘+००:००’ चिकटतं, आणि तो मजकूर दुसऱ्या एखाद्या सेवेला जात असेल तर घोडं तिथे पेंड खातं.

म्हणून असा बदल दोन टप्प्यांत करा. आधी नवं फंक्शन वापरून लगेच टाइमझोन काढून टाका, म्हणजे ‘रिप्लेस’मध्ये ‘टीझेडइन्फो’ला ‘नन’ द्या. वागणूक जशीच्या तशी, वॉर्निंग बंद. मग टाइमझोनसकट वेळ सगळीकडे न्यायची का, हा स्वतंत्र बदल म्हणून, स्वतंत्र टेस्टसह हाताळा. वॉर्निंग काढण्याच्या कमिटमध्ये वागणूक बदलू नये, हा नियम मी तरी मोडत नाही.

फ्यूचरवॉर्निंगलाही हाच न्याय. डिफॉल्ट बदलणार असेल तर तो पर्याय स्पष्ट लिहून टाका. पांडाजच्या ‘ग्रुपबाय’मध्ये कॅटेगोरिकल कॉलम, म्हणजे ठरावीक पर्यायांचा कॉलम, असेल तर २.१ पासून ‘ऑब्झर्व्हड’बद्दल वॉर्निंग येऊ लागली, जुनंच उत्तर हवं असेल तर तिथे ‘फॉल्स’ लिहा. मग प्रत्यक्षात न आलेल्या गटांच्या रिकाम्या ओळी आपल्याला हव्यात का, हे डेटा समजणाऱ्या माणसाला विचारा. ते ठरवणं टेस्ट दुरुस्त करणाऱ्याचं काम नव्हे.

पायरी ५: दार लावा

‘फिल्टरवॉर्निंग्ज’च्या यादीत पहिली नोंद ‘एरर’ अशी करा. आता कुठलीही वॉर्निंग आली की टेस्ट फेल. त्याखाली, आत्ता दुरुस्त न होणाऱ्या वॉर्निंग्जसाठी एकेक अपवाद लिहा. पायटेस्ट यादी वरून खाली लावतं आणि शेवटची जुळणारी नोंद लागू होते, म्हणून ‘एरर’ वर आणि अपवाद खाली. उलटं केलंत तर अपवादांना काही अर्थच उरत नाही.

एका नोंदीत पाच भाग असू शकतात, कोलनने वेगळे केलेले: कृती, संदेश, प्रकार, मॉड्यूल, ओळ क्रमांक. ओळ क्रमांक वापरू नका, तो उद्या बदलेल. संदेश आणि प्रकार दोन्ही द्या. नुसतं ‘डेप्रिकेशनवॉर्निंग दुर्लक्षित करा’ असं लिहिलंत तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. आजची ओळखीची वॉर्निंग दाबताना उद्याची अनोळखीही दाबली जाते.

संदेशाबाबत थोडं जपून. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये तो रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचला जातो आणि वॉर्निंगच्या सुरुवातीपासून जुळवला जातो. मधलाच शब्द उचलून लिहिलात तर जुळणार नाही; आधी ‘.*’ लावावं लागेल. कंस असतील तर त्यांच्याआधी बॅकस्लॅश. आणि संदेशात कोलन असेल, जसा ‘यूटीसीनाऊ’च्या संदेशात आहे, तर पायटेस्टला वाटतं की पुढचा भाग सुरू झाला. तिथपर्यंत जाऊच नका, संदेशाचा सुरुवातीचा तुकडा पुरेसा असतो. अगदीच गरज पडली तर कोलनच्या जागी टिंब द्या. कमांड लाइनवरून तीच नोंद दिली तर मात्र संदेश जसाच्या तसा, साधा मजकूर म्हणून घेतला जातो. एकीकडे चालणारी नोंद दुसरीकडे का चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

प्रत्येक अपवादाच्या वर एक ओळीची टिप्पणी हवी: कोणती लायब्ररी, का थांबलोय, कोणत्या आवृत्तीनंतर ही नोंद काढायची. टिप्पणी नसलेला अपवाद रिव्ह्यूमध्ये परत पाठवा. याबाबतीत खडूसपणा परवडतो.

एक पळवाट मात्र राहते. कोडमध्ये कुठे ‘ट्राय’ लावून सगळे एक्सेप्शन गिळणारं ‘एक्सेप्ट’ असेल, तर वॉर्निंगचा झालेला एररही तिथेच गिळला जातो. टेस्ट हिरवी राहते, पण कोड भलत्याच वाटेने जातो. ‘एरर’ लावल्यावर एखादी टेस्ट चमत्कारिक कारणाने फेल झाली, उदाहरणार्थ निकाल रिकामा आला, तर आधी असं ‘एक्सेप्ट’ शोधा.

पायरी ६: मुद्दाम दिलेली वॉर्निंग तपासा

तुम्हीच एखादं फंक्शन निवृत्त करत असाल तर त्याची वॉर्निंग हा तुमच्या कोडच्या वागणुकीचा भाग आहे, आणि तिचीही टेस्ट हवी. ‘पायटेस्ट.वॉर्न्स’च्या ब्लॉकमध्ये जुनं फंक्शन बोलवा, प्रकार द्या, आणि ‘मॅच’मध्ये नव्या फंक्शनचं नाव द्या. नुसता प्रकार तपासला तर भलतीच डेप्रिकेशनवॉर्निंग येऊनही टेस्ट पास होईल. पकडलेल्या नोंदीत फाइलचं नावही असतं. ते टेस्ट फाइलचंच आहे का ते बघा, म्हणजे ‘स्टॅकलेव्हल’ बरोबर दिलाय याची खात्री होते. वापरणाऱ्याला त्याची स्वतःची ओळ दाखवली नाही तर वॉर्निंग देऊन उपयोग काय?

ब्लॉक छोटा ठेवा, आत एकच कॉल. आणि जुन्या फंक्शनच्या बाकीच्या टेस्ट त्याच्या जागी आलेल्या फंक्शनकडे वळवा; जुन्यासाठी एखाददुसरी पुरे.

पायथनबाहेर

कल्पना तीच, खटके वेगळे. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये ‘थ्रो-डेप्रिकेशन’ दिलं की वॉर्निंग एरर होते आणि ‘ट्रेस-डेप्रिकेशन’ने पूर्ण ट्रेस मिळतो. जावात कंपायलरला ‘एक्सलिंट’मधून डेप्रिकेशन दाखवायला सांगा, जावा ९ पासून ‘डेप्रिकेटेड’ खुणेत ‘फॉररिमूव्हल’ असतं, ते खरं असेल तिथे आधी हात घाला. रूबीने २.७.२ पासून या वॉर्निंग्ज डिफॉल्टने बंद ठेवल्या आहेत, म्हणून टेस्टमध्ये त्या मुद्दाम चालू कराव्या लागतात. जँगो हे वेब-फ्रेमवर्क पायथनचंच, पण तिथे वॉर्निंगच्या नावातच आवृत्ती असते, ‘रिमूव्हडइनजँगो५०वॉर्निंग’ अशी. त्यामुळे कोणतं काम कुठल्या अपग्रेडआधी संपायला हवं, ते शोधावं लागत नाही.

पायरी ७: यादी शिळी होऊ देऊ नका

‘एरर’ लावल्याचा एक त्रास असा की लायब्ररीची नवी आवृत्ती आली की कोणाच्याही कोडला हात न लागता बिल्ड लाल होतं. त्यावर उतारा म्हणजे दोन वेगळी कामं. रोजच्या बिल्डमध्ये लायब्ररींच्या आवृत्त्या ठरवून बांधलेल्या, आणि ‘एरर’ कडक. दुसरं काम आठवड्यातून एकदा, सगळ्यात नव्या आवृत्त्यांवर, जमल्यास प्रकाशनपूर्व आवृत्त्यांवरही. ते फेल झालं तरी कोणाचं मर्ज अडवायचं नाही, फक्त टीमला कळवायचं. बांधलेल्या आवृत्त्यांवरच समाधान मानलंत तर वॉर्निंगचा काळ तुमच्या नकळत निघून जातो आणि अपग्रेड करताना थेट एररच समोर उभा राहतो.

आणि अपवादांची यादी. जुळणारी वॉर्निंग येणंच बंद झालं तरी पायटेस्ट ‘ही नोंद आता निरुपयोगी आहे’ असं सांगत नाही. म्हणून दर मोठ्या अपग्रेडनंतर एका ब्रँचवर सगळे अपवाद काढून टाका, फक्त ‘एरर’ ठेवा आणि टेस्ट चालवा. जे अजून फेल होतात तेवढेच परत घाला, टिप्पणीसकट. परत घालताना ‘अमुक आवृत्तीनंतर काढा’ असं लिहिलेली आवृत्ती मागेच येऊन गेलेली दिसली, तर त्या लायब्ररीच्या प्रकल्पात ट्रेसबॅक आणि आवृत्तीसह इश्यू नोंदवा, आणि त्या इश्यूचा क्रमांक टिप्पणीत लिहा.